तो कावळा नव्हता

पक्षी बघणाऱ्या माणसाशी लग्न करू नका, असं मी माझ्या सगळ्या भाच्यांना बजावून ठेवलंय. दारू पिणारा निदान घरी येऊन गप झोपतो. पक्षी बघणारा घोट्यापर्यंत चिखल घेऊन येतो, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभा राहतो आणि विचारतो, "आज काय दिसलं असेल, ओळख." मी कधीच ओळखलं नाही. ओळखलं असतं तरी सांगितलं नसतं.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. नाव ढुंढिराज. नोकरी धरणांवरची, तिथंच हा नाद लागला. बरोबरीच्या लोकांनी स्कूटर घेतल्या, यांनी दुर्बीण घेतली. नाशिक रोडला कॉलनीत चार खोल्यांचं बैठं घर झालं, तेही माझ्या वडिलांनी पाठ सोडली नाही म्हणून. नाहीतर आम्ही जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलो असतो, जर्मन दुर्बीण खुंटीला लावून.

एक्क्याण्णव साली यांच्यासारखेच आणखी पाच रिकामटेकडे एकत्र आले आणि सगळ्यांनी मिळून पक्षिमंडळ काढलं. अध्यक्ष गर्गे सर. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि कॉलेज सुटलं तरी रस्त्यात, लग्नात, तेराव्याला, कुठेही शिकवतच असायचे. दुसरा धनराज. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि गळ्यात कायम कॅमेरा. उरलेल्या तिघांची नावं मी मुद्दाम पाठ केली नाहीत. दर रविवारी पहाटे ही मंडळी कुठल्यातरी पाण्याच्या काठी जायची आणि नऊच्या सुमाराला आमच्या घरी यायची, कारण पोहे आमच्याकडे असायचे. खाताना बोलणं एकच. कोणाला काय दिसलं आणि तेच दुसऱ्याला कसं दिसलं नाही. मोठाले बाप्ये, काही तर पेन्शनीत निघालेले, एखाद्या बदकाच्या शेपटीवरून महिनाभर एकमेकांशी अबोला धरायचे.

एक गोष्ट मात्र त्यांना वाढता वाढता माझ्या लक्षात आली होती. कावळ्यासाठी या लोकांची मान कधी वर होत नाही. कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा यांना ते पक्ष्यांत धरतच नाहीत. एकदा आमच्या अंगणात कावळ्यानं गर्गे सरांच्या ताटलीतली जिलबी उचलून नेली, तर सर मान खाली घालून दुसरी खायला लागले. दुर्बीण उठली म्हणजे काहीतरी लांबचं आलेलं असणार, एवढं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळायचं. ते कोण आलंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

त्र्याण्णव साली लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा हे म्हणाले, "चल, समुद्रावर जाऊ." मला वाटलं, माणूस सुधारला. मी नवी साडी घेतली. गेलो कुठे, तर बोर्डीला, आणि कधी, तर भाद्रपदात. भाद्रपदात समुद्रावर शहाणी माणसं जात नाहीत. किनाऱ्यावर काळं कुत्रं नव्हतं. वाऱ्यानं छत्री उलटी होऊन सुरूच्या बनात गेली ती सापडली नाही. आणि हे ओल्या वाळूत पोटावर पडून उत्तरेकडून आलेल्या पक्ष्यांची तोंडं बघत होते. सायबेरियाकडून निघतात म्हणे. डोंगर, वाळवंटं ओलांडून येतात आणि येऊन करतात काय, तर चिखलात चोच खुपसतात. एवढ्यासाठी एवढं लांब यायचं, तर तिकडचा चिखल काय वाईट होता, असं मी विचारलं.

संध्याकाळकडे समुद्रावरून एक काळपट पक्षी आला. कावळ्यापेक्षा थोराड. मासा घेऊन निघालेल्या एका पांढऱ्या सुरय पक्षिणीच्या तो मागे लागला, तिला इकडून तिकडून छळलं, शेवटी तिनं मासा टाकला आणि यानं तो वरच्यावर झेलला.

"स्कुआ," हे म्हणाले. देव दिसल्यासारखा आवाज. "हा स्वतः फारसा मासा धरत नाही. दुसऱ्याच्या तोंडचा काढून घेतो."

"असे आपल्याकडे पण आहेत," मी म्हटलं.

"वादळात हे सह्याद्री ओलांडून आपल्या धरणांवर येत असणार, इंदिरा. कुणी बघतच नाही."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. शहाण्णवच्या भाद्रपदात समुद्रात वादळ झालं आणि त्याचा वारा नाशकापर्यंत आला. हे रजा टाकून गंगापूर धरणावर गेले. परत आले ते ओलेचिंब, दात वाजतायत, आणि तोंडावर असलं हसू की मी रागवायचं विसरले. स्कुआ दिसला होता. पाण्यावर दोन घिरट्या घालून निघून गेला म्हणाले. जेवायला बसले, पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच हातात धरून मला सगळं परत पहिल्यापासून सांगितलं.

रविवारी मंडळासमोर सांगितलं. गर्गे सरांनी सगळं ऐकून घेतलं, पोह्यांवरचं खोबरं बोटानं गोळा केलं आणि म्हणाले, "ढुंढिराज, हवा ढगाळ होती. तुम्ही एकटेच होतात. कावळा असेल."

बाकीचे हसले. धनराज तर तोंडात घास असताना हसला. यांनी वाद घातला नाही. उठून आत आले, माठातलं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "कावळा नव्हता." मला ते सांगायची गरज नव्हती. चोपन्न वर्षांचा माणूस कावळ्यासाठी तसा हसत नाही.

एखाद्यानं मंडळ सोडलं असतं. यांनी नाही सोडलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच पाच जण आणि माझेच पोहे. फक्त भाद्रपदात वारा सुटला की हे कोणाला न सांगता एकटे धरणावर जायचे. मी बोलायची, भांडायची, एकदा तर रेनकोट लपवून ठेवला. रेनकोटाशिवाय गेले.

दोन हजार पाचच्या भाद्रपदात असेच दिवसभर काठावर बसून आले. ताप भरला, छाती भरली आणि आठवड्याच्या आत गेले. दवाखान्यात शेवटचं धड बोलणं काय, तर "वारा कुठला आहे बघ." खिडकी बंद होती. मी म्हटलं, "पश्चिमेचा." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मी बाहेर जिन्यात जाऊन तोंडावर पदर धरून रडले. पक्ष्यांचा, मंडळाचा, धरणाचा, यांचा, सगळ्यांचा मला भयंकर राग आला होता.

आता माझा मुलगा. श्रेयस पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. गोड बोलतो, आवाज चढवत नाही, आणि स्वतःच्या सोयीची कुठलीही गोष्ट तुमच्याच भल्याची आहे असं तुम्हाला पटवून देतो. हे निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी घर त्याच्या नावावर करून टाकलं होतं. म्हणाले, नंतर पोराला खेटे नकोत. जमिनीवर पडलेलं पीस बघून पक्षी सांगणारा माणूस, पण पोटचा पोरगा काही ओळखता आला नाही. सुतकातच, घरात अजून दिवा तेवत होता तेव्हा, एक बिल्डर येऊन फाटकाशी उभा राहिला आणि घराकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून गेला. श्रेयस त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. सुतकात बोलायचं म्हणून हळू नव्हे, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू.

"आई, आता तू पुण्याला चल," नंतर तो मला म्हणाला. "तुझ्यासाठी स्टडी रूम रिकामी करतोय."

"फोल्डिंगचे बेड हल्ली खूप छान मिळतात, आई," यशश्री म्हणाली. माझी सून. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण दिवसा तो बेड घडी करून भिंतीला लावता येतो, हेही तिनं लगेच सांगितलं.

"आणि मी इथंच राहिले तर?"

"एकटी? प्रॅक्टिकली विचार कर ना, आई."

मला घर सोडायचं नव्हतं. त्यात काही मोठं तत्त्व नव्हतं. त्या घराच्या ओट्यावर हिंगाची डबी कुठे आहे ते मला न बघता कळतं. शेजारच्या झुंबरबाई रोज दुपारी कुंपणावरून हाक मारतात, मी त्यांच्या सुनेला नावं ठेवते, त्या माझ्या. मला माझ्या उतारवयात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात विचारून चहा करायचा नव्हता. मुलगा झाला म्हणून काय झालं, स्वयंपाकघर दुसऱ्याचंच. हे मी श्रेयसला सांगितलं, तर त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझं दुःख मी समजू शकतो. भांडला असता तर निदान मी जिंकले तरी असते.

दहाव्याला सगळे दसकच्या घाटावर निघालो. बायकांनी दहाव्याला घाटावर जायची आपल्यात रीत नाही, असं कुणीतरी म्हणालं. मी जाऊन रिक्षात बसले. धरणाचं पाणी सोडलेलं, त्यामुळे गोदावरी गढूळ आणि फुगलेली, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात. दोन दिवसांपासून पुन्हा पश्चिमेचा वारा सुटला होता. कोकण किनाऱ्याला वादळ झाल्याचं पेपरात आलं होतं. श्रेयसच्या डोक्याचा गोटा केलेला. त्याचे सासरे पुण्याहून गाडी घेऊन आले होते आणि आल्यापासून परत कधी निघायचं ते बघत होते. पंचवटीतून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या, अक्का; यांच्याहून मोठ्या, तरी यांना दादाच म्हणायच्या. बाकी पाहुणे, शेजारी मिळून चाळीस-पन्नास माणसं.

आणि ते पाच जण. पाचांच्याही गळ्यात दुर्बिणी. रविवार होता ना. सकाळची फेरी आटपून तसेच आले होते. धनराजला तेवढी जनाची लाज होती, त्यानं कॅमेरा स्कूटरच्या डिकीत ठेवला होता. ही लाज त्याला पुढे फार महाग पडली.

पिंड मांडला, नमस्कार झाले आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागले. कावळा शिवला की गेलेल्याचा जीव शांत झाला. नाही शिवला, तर त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली, आणि मग घरच्यांनी हात जोडून ती ओळखायची आणि पुरी करायचा शब्द द्यायचा. आता घाटावरचे कावळे रोज दहा घरचं जेवतात. देवळाच्या पत्र्यावर ओळीनं बसून ते आमच्याकडे साहेब अर्जदाराकडे बघतो तसं बघत होते.

"दादा, वर्षश्राद्ध सगळं यथासांग करू," अक्का म्हणाल्या. कावळे ढिम्म.

"बाबांची पक्ष्यांची पुस्तकं वाचनालयाला देऊ," यशश्री म्हणाली. ती पुस्तकं तिला पुण्यात ठेवायला जागा नव्हती. कावळे हलले नाहीत.

गर्गे सर पुढे झाले. "ढुंढिराज, तुमच्या नावानं मंडळातर्फे दरवर्षी व्याख्यान ठेवू." व्याख्यान कोण देणार ते कावळ्यांनाही कळलं असावं. पत्र्यावरचा एक उडून लांब पिंपळावर जाऊन बसला.

मग श्रेयसनं हात जोडले. तो रडत होता, आणि ते खोटं नव्हतं. तो बापासाठीच रडत होता. "बाबा, तुम्ही आईची काळजी करू नका. मी तिला पुण्याला माझ्याकडे घेऊन जातो. तिला इथं एकटीला ठेवणार नाही."

पुढचं सगळं मला दिसलं. आत्ता कावळा शिवला, तर पुण्याला जायचं हे यांनीच वरून मान्य केलं, असं पन्नास माणसं म्हणणार. मग मी घराचं नाव काढलं की ते नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध बोलणं होणार, आणि श्रेयस शांतपणे म्हणणार की बाबांनाच हे हवं होतं. मी मान खाली घातली आणि मनात शिवू नको, शिवू नको, असं म्हणत राहिले. स्वतःच्या नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवू नये म्हणून देवाला साकडं घालणारी बाई त्या घाटानं आधी बघितली नसेल.

तेवढ्यात पत्र्यावर एकदम कालवा झाला, पंखांची मोठी फडफड झाली आणि अक्का म्हणाल्या, "शिवला. शिवला गं, इंदिरा."

मी मान वर केली तेव्हा पिंड फुटून भात पायरीवर सांडलेला होता, आणि काहीतरी काळं नदीच्या वळणाकडे चाललं होतं. "दादाच्या मनात हेच होतं," अक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. सासरे उठून धोतर झटकायला लागले. गुरुजी पळी-पंचपात्र आवरायला लागले. श्रेयसनं मोठा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातानं माझीच घडी करून भिंतीला लावल्यासारखं वाटलं.

आणि माझी नजर मंडळाकडे गेली. चौघांच्या दुर्बिणी वर. चौघं नदीकडे तोंड करून, तोंडं उघडी. गर्गे सरांचं उपरणं खांद्यावरून घसरून पाण्यात पडलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. पाचवा धनराज, तो पायऱ्यांवर घसरत, सावरत, स्कूटरच्या डिकीकडे पळत सुटला होता.

कावळ्यासाठी या लोकांची मान वर होत नाही.

"गुरुजी, थांबा," मी म्हटलं. "तो कावळा नव्हता."

"आई, असं काय करतेस?" श्रेयस म्हणाला. "सगळ्यांनी बघितलंय."

"सगळ्यांनी काळं काहीतरी बघितलंय. गर्गे सर, काय होतं ते?"

गर्गे सरांनी डोळ्यांची दुर्बीण काढली नाही. "स्कुआ," ते म्हणाले. आवाज तस्साच, बोर्डीला यांचा होता तसा. "पंखात पांढरा पट्टा, चोच टोकाला वाकडी. वादळानं आत आणला. अहो, आपल्या जिल्ह्यात स्कुआ."

"म्हणजे कावळा नाही?"

आता मात्र त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि मी त्यांच्या खानदानावर काही बोलले असावं अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. "कावळा? वहिनी, याचा आणि कावळ्याचा लांबूनही संबंध नाही. हा कुरवांच्या जवळचा, समुद्रावरचा पक्षी." आणि घाटाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. चोच कशी, पाय कसे, घरटं कुठल्या बर्फात करतो, हिवाळ्यात कुठल्या समुद्रात जातो. पन्नास माणसं उपाशीपोटी ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, बोलू दे या माणसाला.

"सर, पक्षी तर होता ना," श्रेयस मध्येच गोड आवाजात म्हणाला. "पक्षी शिवला, झालं. अशा वेळी समजून घ्यायचं असतं."

"समजून कसं घ्यायचं?" गर्गे सर तापले. "चार जणांनी डोळ्यांनी पाहिलाय. माझ्यासमोर त्याला कोणी कावळा म्हणायचं नाही."

हाच माणूस नऊ वर्षांपूर्वी माझ्या घरात बसून खोबरं गोळा करत होता. मी गिळलं ते. त्या वेळी मला त्याची गरज होती.

"गुरुजी, तुमच्या शास्त्रात काय आहे?" मी विचारलं. "कावळा, की जो येईल तो पक्षी?"

गुरुजी तरुण होते आणि त्यांना पुढे आणखी एका ठिकाणी जायचं होतं. तरी ते खोटं बोलले नाहीत. "काक," ते म्हणाले, आणि खाली बसून उरलेल्या भाताचा दुसरा पिंड वळायला लागले.

दुसरा पिंड मांडला. पण त्या लुटारूनं पत्र्यावरचे सगळे कावळे उधळून लावले होते. एकही परत येईना. श्रेयसनं पुन्हा तोच शब्द दिला, पुण्याचा, रिकाम्या पत्र्याकडे बघून. लहान पोरं भूक लागली म्हणून कुरकुरायला लागली. सासरे दोनदा गाडीपर्यंत जाऊन आले. धनराज कॅमेरा घेऊन नदीकाठानं लांब निघून गेला होता आणि मध्येच झुडपांमागून त्याची टोपी दिसत होती. शेवटी श्रेयस म्हणाला, "गुरुजी, अशा वेळी दर्भाचा कावळा करतात ना?"

"करतात," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांचं सांगून झालं असेल तर. कोणाचं काही राहिलंय का?"

"एक राहिलंय," मी म्हटलं.

श्रेयसला लगेच कळलं. "आई, इथं नको."

"इथंच. घरी मी बोलायला लागले की तू माझं दुःख समजून घेतोस. घराचं बोल."

"घराचं काय?" अक्कांनी विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"सुतक फिटलं की घर बिल्डरला द्यायचं चाललंय, वन्सं. म्हणून मला पुण्याला नेतायत."

सासरे गाडीच्या किल्लीकडे बघत बसले. यशश्री रडवेली झाली, आणि मला तिची थोडी दया आली, पण थोडीच.

"श्रेयस, खरं का हे?" अक्का म्हणाल्या.

"आत्या, अजून काही ठरलेलं नाही. आईच्याच सोयीसाठी फक्त विचार चाललाय."

"ठरलं नाही ना? मग सोपं आहे. नाही विकत म्हणून सांग बापाला, की झालं."

अक्कांचं आणि माझं आयुष्यात कधी पटलं नाही. त्या वेळी मी त्यांना सगळं माफ केलं. नंतर परत घेतलं, पण त्या वेळी केलं.

श्रेयसच्या डोक्यावरून घाम गळत होता. त्यानं सासऱ्यांकडे बघितलं, तिथून काही मदत आली नाही. मग तो पिंडाकडे वळला आणि हात जोडले. "बाबा, आई आहे तोवर घर विकणार नाही."

"आणि?" मी म्हटलं.

"आणि आई तिथंच राहील. तिची इच्छा आहे तोवर."

"मोठ्यानं बोल. नदीला आवाज आहे."

तो मोठ्यानं बोलला. पन्नास माणसांनी ऐकलं. पिंडासमोर दिलेला शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही. देवाधर्माची भीती म्हणून नव्हे. अक्कांच्या घरी फोन आहे म्हणून.

सगळ्यांनी माना वर केल्या. पत्रा रिकामा, पिंपळ रिकामा. एखाद्या कीर्तनकारानं या ठिकाणी कावळा आणलाच असता. आमच्याकडे आला नाही.

"दादाचं अजून काहीतरी राहिलंय," अक्का हळूच म्हणाल्या.

"नाही राहिलं," मी म्हटलं. "त्यांचं जे राहिलं होतं ते मघाशी येऊन गेलं. गुरुजी, करा आता दर्भाचा. मला घरी जायचंय."

गुरुजींनी दर्भ वळून गाठ मारली आणि पिंडाला टेकवली. तेव्हा मी रडले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. लोकांना वाटलं, कावळा शिवला नाही म्हणून रडते. तो मेला पक्षी घाट चढून, धरणं ओलांडून, यांच्या अगदी पुढ्यात येऊन जेवून गेला होता आणि बघायला हेच नव्हते. पंधरवडाभर आधी यायला त्याला काय झालं होतं?

तेरावं झालं, पुण्याची मंडळी पुण्याला गेली. जाताना श्रेयस माझ्या पाया पडला. बिल्डरला त्यानं फाटकातच फोनवरून नाही म्हणून कळवलं, या वेळी मला ऐकू येईल अशा आवाजात.

पुढच्या रविवारी नऊच्या सुमाराला बेल वाजली. दारात पाचही जण. बुटांना चिखल. गर्गे सरांनी कसंबसं पडलेलं तोंड केलं होतं, पण आतून ते नवऱ्यामुलासारखे फुलले होते.

"वहिनी, नोंद पाठवतोय," ते म्हणाले. "जिल्ह्यातली पहिली. धनराजला फोटो मिळाला नाही, पण साक्षीदार चार आहेत. म्हटलं, तुमचंही नाव घालू. कावळा नाही हे आधी तुम्हीच म्हणालात."

"मी तो पक्षी बघितलाच नाही," मी म्हटलं. "मी खाली बघत होते."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"तुमच्या माना बघून."

मागच्या तिघांपैकी एकानं नकळत स्वतःच्या मानेला हात लावला.

"आणि ती पहिली नाही, दुसरी आहे," मी म्हटलं. "पहिली शहाण्णवची. गंगापूर धरण. कोणाची ते तुम्हाला माहीत आहे."

"वहिनी, तेव्हा ते एकटेच होते. हवा ढगाळ होती. शास्त्राला पुरावा लागतो."

"दहाव्याला पण हवा ढगाळच होती. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, कावळा असेल. अक्काही तेच सांगतील, त्यांनी तर शिवताना बघितलाय. पन्नास माणसं सांगतील."

धनराज या वेळी हसला नाही. गर्गे सर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

"दुसरी," शेवटी ते म्हणाले. "पहिली ढुंढिराजांची."

मी दार पूर्ण उघडलं.

"बूट बाहेर काढा," मी म्हटलं. "पोहे टाकते. खोबरं मिळणार नाही. आणि पुढच्या रविवारी पण या, घर इथंच आहे."